सी झिरो झिरो चौदा

असाबात लाईट गेली की आधी पंखा थांबतो,
मग शेजारच्या सलूनमधला ड्रायर,
आणि सगळ्यांत शेवटी, पाच मिनिटं बॅटरीवर तग धरून,
माझं मशीन.
त्या पाच मिनिटांत मी फक्त सेव्ह करते. देवाचं नाव नंतर.

टोबेचुक्वूने तीन कार्डं टेबलावर ओतली,
शर्टाच्या खिशातून, शेंगदाण्याच्या टरफलांसकट.
"न्वाकाएगो आजींचं दफन. दोन दिवस, दोन कॅमेरे,
एक ड्रोन, आणि पुतण्याचा फोन.
त्याने सगळं उभं धरून काढलंय, चिडू नकोस."
मी चिडले नाही. उभ्या चित्राच्या दोन्ही बाजूंना
काळोख भरावा लागतो, एवढंच.

इम्पोर्ट म्हणतात याला. शिकायला येणाऱ्या पोरांना
मी पहिल्याच दिवशी सांगते: आत काहीच येत नाही.
सॉफ्टवेअर फक्त पत्ता लिहून घेतं,
कुठली डिस्क, कुठलं फोल्डर, कितवं दार.
फाईल आपल्या जागी झोपलेली.
ती हलवली, तिचं नाव बदललं
की पडदा लाल: मीडिया सापडत नाही.
माझं नाव उझोअमाका. म्हणजे, वाट फार चांगली आहे.
आईने ठेवलं तेव्हा तिला या वाटा कुठे माहीत होत्या,
डी, तिरकी रेघ, दफन, तिरकी रेघ, कार्ड दोन.

निळी पट्टी सरकते. एकशे ब्याण्णव फाईली.
एकेक चौकोन उमटत जातो:
शामियान्याचे खांब,
एकाच ताग्यातून शिवलेले चाळीस झगे,
ट्रकमधून उतरणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या,
तुतारीवाल्याचा फुगलेला गाल.

ओबियानुजु आंटी, म्हातारीची थोरली, माझ्यामागे स्टुलावर.
"मी बसते. तू कर," म्हणाली,
आणि दोन तास खरंच नुसती बसली,
मांडीवरची पर्स घट्ट धरून,
दाराला आतून कडी घालावी तशी.

मग लाईट गेली.
जनरेटर ओढून ओढून चालू केला, हाताला पेट्रोलचा वास,
परत आले तर डिस्कला भलतंच अक्षर मिळालेलं,
सगळी टाइमलाइन लाल.
काही नाही आंटी, वाटा पुन्हा जोडते.
फोल्डर दाखवलं. मशीनने नावं जुळवली.
चेहरे बघणं त्याचं काम नाही.

शवपेटी खांद्यांवर येते, वळते,
आंब्याखाली क्षणभर थांबते,
आणि तिथे, सी झिरो झिरो चौदा,
एक बाळ जांभई देतं.

पिवळी लोकरीची टोपी. आजोबांच्या तळहातावर कोलाची फळं.
टोबेने कार्ड पुसलंच नव्हतं.
मागच्या शनिवारचं बारसं खाली तसंच पडून,
आणि कॅमेऱ्याने नवं फोल्डर उघडून
दफन पुन्हा एकपासून मोजलेलं.

"चुकलं, आंटी." माझा हात माऊसवर.
ती पुढे वाकली. पर्स घसरून खाली.
"थांब. मागे घे."
घेतलं.
"कुणाचं?"
माहीत नाही.
"नाव काय ठेवलं?"
आजोबांचे ओठ हलत होते. पण आवाज त्या दिवशी
वेगळ्या रेकॉर्डरवर, आणि तो रेकॉर्डर
टोबेने ओनित्शात कुणाला तरी विकून टाकला.

चौथ्यांदा पाहताना ती ओठांवरून अंदाज बांधू लागली,
दोन-तीन नावं पुटपुटली, पुसली.
मग एकदम हसली.
"आई असती तर ओरडली असती,
एवढ्या उन्हात पोराला टोपी कसली घालता!"

मी खरा चौदा शोधला. जोडला.
आता पेटी आंब्याखाली थांबते
आणि पुढे जाते, जशी गेली होती तशी.

पैसे मोजून झाल्यावर दारात घुटमळली.
"ते बाळ माझ्या फोनवर येईल?"
येईल, म्हटलं. पण त्याला नुसता पत्ता चालत नाही,
सगळी फाईल उचलून द्यावी लागते.
बसा, केबल शोधते.